दीड वर्ष परदेशांत फिरून घरी परतल्यावर पुन्हा रुळायचं कसं?

तुमचा प्रश्न असा: दीड वर्ष वेगवेगळ्या देशांत काढलं, पुढच्या महिन्यात कायमचं घरी परतायचंय, लवकरात लवकर पूर्ववत व्हायला काय करावं? माझा पहिला सल्ला, ‘लवकरात लवकर’ सोडून द्या आणि तीन महिने धरून चला. पहिला आठवडा बहुतेकांचा छान जातो. भेटीगाठी असतात, स्वतःची गादी असते, कौतुक असतं. त्रास सुरू होतो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, भेटणारे भेटून झाले आणि सकाळी उठून कुठे जायचंच नाही असं झालं की. त्यामुळे सगळी कामं पहिल्याच आठवड्यात उरकू नका, काही त्या दिवसांसाठी मुद्दाम राखून ठेवा.

पण काही गोष्टी निघण्याआधी तिकडूनच कराव्या लागतात, कारण परतल्यावर त्याच कामाला दसपट वेळ जातो. कुठे काही महिने नोकरी केली असेल तर पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, घरमालकाचं पत्र, लसीकरणाची नोंद, तपासण्यांचे रिपोर्ट. एखाद्या देशात बराच काळ राहिला असाल तर तिथल्या पोलिसांचा चारित्र्य दाखलाही. पुढे नोकरी किंवा व्हिसासाठी तो मागितला गेला तर दूर बसून मिळवणं किचकट असतं. तिथलं बँक खातं घाईने बंद करू नका. डिपॉझिट आणि कराचा परतावा बऱ्याचदा तुम्ही निघाल्यावर जमा होतो. तिकडचं सिम टाकून देण्याआधी त्या नंबरवर कुठकुठले ओटीपी येतात ते बघून प्रत्येक ठिकाणी नंबर बदला. घरच्या जुन्या नंबरचंही तेच. बराच काळ रिचार्ज नसेल तर तो दुसऱ्या कुणाला दिला गेलेला असू शकतो, आणि तुमची बँक अजून त्यालाच मेसेज पाठवत असते. म्हणून परतल्यावर पहिलं काम नंबरचं, मग बँक, मग बाकी सगळं.

कोणत्या देशात किती दिवस होतो याची तारीखवार यादीही आत्ताच करा. कर कुठे भरायचा हे बऱ्याच देशांत दिवसांवर ठरतं (१८३ दिवसांचा निकष सर्रास दिसतो, पण एकटा तोच नव्हे). विमानतळावरच्या स्वयंचलित ई-गेटमधून गेलात तर पासपोर्टवर बहुतेकदा शिक्काच बसत नाही, तेव्हा बोर्डिंग पासचे फोटो जपून ठेवा.

झोपेबद्दल थोडं सविस्तर, कारण ‘सकाळी उन्हात बसा’ हा सल्ला अर्ध्या वेळा चुकीचा ठरतो. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं, पश्चिमेकडे जाताना जरा जास्त. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी सर्वांत खाली जातं. त्या क्षणानंतर मिळालेला उजेड घड्याळ पुढे नेतो, म्हणजे झोप आणि जाग लवकर येते; त्याआधीचा मागे नेतो, म्हणजे उशिरा. समजा, तुम्ही एरवी सातला उठता, म्हणजे तो क्षण पहाटे साडेचारच्या आसपास. पूर्वेकडे सहा तासांचा फरक पार करून आलात, तर नव्या जागी तो सकाळी साडेदहाला येतो. आठ वाजता उन्हात गेलात तर घड्याळ उलट्या दिशेने सरकतं! पहिल्या दिवशी अकरापर्यंत पडदे बंद किंवा डोळ्यांवर गॉगल, अकरा ते एक बाहेर. मग रोज ही वेळ एकेक तास अलीकडे आणा. पश्चिमेकडे येत असाल तर हिशेब सोपा: संध्याकाळचा उजेड घ्या आणि ठरलेल्या वेळेआधी झोपू नका. दुपारची डुलकी वीस मिनिटं, गजर लावून.

तब्येतीत सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ताप. मलेरियाच्या भागातून आला असाल तर पुढचं वर्षभर कुठलाही ताप ‘हवा बदलली’ म्हणून अंगावर काढायचा नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि पहिल्या वाक्यात देशांची नावं सांगा. फाल्सिपेरम हा घातक प्रकार बहुधा तीन महिन्यांच्या आत दिसतो, पण व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दबा धरून बसतात आणि महिन्यांनी, कधी वर्षांनीही डोकं वर काढतात. प्रतिबंधक गोळ्या घरी पोचल्यावर सोडून देणं ही नेहमीची चूक. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन तो भाग सोडल्यावर चार आठवडे घ्यावी लागतात, कारण ती रक्तातल्या जंतूंवर चालतात आणि यकृतातले नंतर बाहेर पडतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातही काम करतं, म्हणून ते सात दिवस पुरतं. मलावी किंवा व्हिक्टोरियासारख्या आफ्रिकी तळ्यांत पोहला असाल तर शिस्टोसोमायसिसची (तळ्याच्या पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या कृमींच्या आजाराची) रक्ततपासणी करा, त्रास काही नसला तरी. मात्र शेवटच्या पोहण्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. त्याआधी ती खोटा दिलासा देऊ शकते. जुलाब चौदा दिवसांवर गेले तर जिआर्डियासारख्या परजीवींची तपासणी मागून घ्या.

घर बंद होतं? मग आत शिरताच नाकाला गटाराचा वास येईल. पाइप फुटलेला नसतो. सिंक आणि न्हाणीघरातल्या जाळीखालच्या वाकड्या पाइपात अडलेलं पाणी आटलेलं असतं. प्रत्येक ठिकाणी बादलीभर पाणी ओतलं की वास थांबतो. नळात इतके महिने साठलेल्या पाण्यात मात्र लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जीवाणू वाढलेला असू शकतो आणि तो तुषारांतून फुफ्फुसांत जातो. तेव्हा लगेच शॉवरखाली उभं राहू नका. आधी गीझर ६० अंशांवर तापवा, खिडक्या उघडा, शॉवरच्या तोंडाला पिशवी गुंडाळा आणि गार-गरम दोन्ही नळ हळू सोडून काही मिनिटं वाहू द्या. सॅक पलंगावर ठेवायची नाही, ढेकूण तिच्या शिवणींत बसून येतात. कपडे ६० अंशांच्या पाण्यात किंवा ड्रायरमध्ये भरपूर उष्णतेवर अर्धा तास. जे धुता येत नाही ते उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस.

आता माणसं. ‘कसं झालं?’ असं विचारणाऱ्याची ऐकायची तयारी दोन मिनिटांची असते, आणि यात कुणाचाही दोष नाही. अर्ध्या मिनिटाचं एक उत्तर आणि तीन मिनिटांचा एक किस्सा तयार ठेवा. बाकीचं जो खोदून विचारेल त्याला. ‘तिकडे असं नसतं’ हे वाक्य महिनाभर गिळा, खरं असलं तरी. उलट, तुम्ही नसताना कोण गेलं, कोण आजारी पडलं, कुणाचं काय मोडलं हे एका जवळच्या माणसाकडून येण्याआधीच समजून घ्या आणि जिथे जायला हवं तिथे पहिल्या पंधरा दिवसांत जाऊन या. घरात चमच्यांचा खण बदललेला असेल. तो परत जुन्या जागी आणू नका. मागे राहिलेल्या माणसाने तुमच्याशिवाय एक घडी बसवलेली असते. तुम्ही पाहुण्यासारखं वागलात तरी खुपतं आणि मालकासारखं वागलात तरी. एखादं ठरावीक काम पूर्णपणे अंगावर घ्या, इतकं पुरतं.

परतल्यावर मन खाली जाण्याचा हा उतार नवा नाही. परदेशात गेल्यावर मन आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर जातं, हा यू आकाराचा आलेख समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५मध्ये मांडला. गुलहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३मध्ये परतल्यानंतरचा दुसरा खड्डा जोडून त्याचा डब्ल्यू केला. सगळ्यांचा आलेख इतका आखीव नसतो, पण त्या दुसऱ्या खड्ड्याला लोक बेसावध असतात. माझ्या मते त्याचं कारण आठवणींपेक्षा दिवसाच्या रचनेत जास्त असतं. प्रवासात आज झोपायचं कुठे, बस कुठली, हे प्रश्न रोज पडतात आणि संध्याकाळपर्यंत सुटतात. घरी तसं काही उरत नाही. म्हणून आठवड्याला दोन-तीन अशी कामं ठेवा ज्यांचा निकाल त्याच दिवशी लागतो, आणि एक ठरलेला वर्ग, खेळ किंवा गट, जिथे तुमच्या प्रवासाचं कुणालाच अप्रूप नाही.

दोन आठवडे बहुतेक दिवस झोप, भूक, रस सगळंच गेलेलं असेल तर ‘रुळतोय’ म्हणत बसू नका, डॉक्टरांकडे जा. मेफ्लोक्विन घेतलं असेल तर तेही सांगा. त्याने चिंता, नैराश्य, भयानक स्वप्नं, चक्कर येऊ शकते आणि गोळ्या थांबल्यावरही टिकू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

पैशांचा हिशेब: नोकरी शोधायला जितके महिने लागतील असं वाटतं, त्यात आणखी दोन मिळवून तितक्या महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, कारण रुजू व्हायला वेळ जातो आणि पहिला पगार महिना भरल्यावरच येतो. बायोडेटात प्रवासाला एक ओळ, तारखांसकट, पुरे. पानभर लिहिलं की ते सफाई दिल्यासारखं दिसतं. पहिले नव्वद दिवस तरी वर्षभराचा भाडेकरार, नातं तोडणं आणि परतीचं तिकीट, यांतलं काहीही करू नका. तिकिटाचा मोह साधारण सहाव्या आठवड्यात होतो. त्या आठवड्यात कपाटावर अर्धवट भरलेली सॅक ठेवलेली असेल तर ती रिकामी करून धुवायला टाका.