उजळणी करावी की पुन्हा शिकावे?

प्रश्न : काही वर्षांपूर्वी मी मोडी लिपीच्या वर्गाला जात होते. घरातली जुनी कागदपत्रे अडखळत का होईना, वाचता येऊ लागली होती. पुढे सराव सुटला आणि आता पुन्हा वही उघडली आहे. मी जे करते आहे, त्याला ‘मोडी उजळणे’ म्हणावे, ‘मोडीची उजळणी करणे’ म्हणावे, की सरळ ‘पुन्हा शिकणे’? ‘पुनर्शिक्षण’ असाही एक शब्द वाचनात आला.
— एक वाचक, सातारा

उत्तर : ‘उजळणे’ हे क्रियापद संस्कृतातील ‘उज्ज्वल’ या शब्दाच्या प्राकृतातून आलेल्या ‘उजळ’ या रूपावरून बनले आहे. ते अकर्मकही आहे आणि सकर्मकही : चेहरा उजळतो, नशीब उजळते, पण सोनार दागिने उजळून देतो. विद्येच्या बाबतीत आलेला अर्थ या दुसऱ्या प्रयोगाचा आहे. सोनार नवा दागिना घडवत नाही, असलेल्या दागिन्यावरचा मळ काढतो. त्याप्रमाणे शिकलेली गोष्ट अजून जवळ आहे, फक्त मंदावली आहे, असे गृहीत धरूनच आपण उजळणी करतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी ज्या धड्याचे पानही उघडलेले नाही, त्याची ‘उजळणी’ करायला बसणाऱ्या विद्यार्थ्याला हे क्रियापद वापरण्याचा अधिकार नाही.

आजच्या लेखनात ‘मी मोडी उजळते आहे’ हे वाक्य व्याकरणाने चुकीचे नसले, तरी वाचणाऱ्याला क्षणभर अडवते. ‘मोडीची उजळणी करते आहे’ हीच रूढ रचना आहे. शिकणारा उजळणी करतो आणि शिक्षक ती घेतात, हा भेदही पाळावा. जुन्या पिढीत ‘उजळणी’ म्हणजे अंक आणि पाढेच : दिवेलागणीला परवचा म्हणताना साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी आणि साडेतीनच्या पटीची औटकीही म्हटली जाई. पाढ्यांच्या पुस्तकालाही तेच नाव मिळाले, ते यामुळेच.

‘उजाळा देणे’ हा प्रयोग जवळचा असला, तरी तो आठवणींसाठी अधिक शोभतो. ‘पुनरावृत्ती’ला मात्र शिकण्याशी काही देणेघेणे असेलच असे नाही, चुकांचीही पुनरावृत्ती होते, आणि ‘चुकांची उजळणी’ असे कोणी लिहिले, तर ते उपरोधानेच. ‘पुनर्शिक्षण’ टाळावे. ‘पुनर्जन्म’, ‘पुनर्विचार’ यांत पुढचे व्यंजन मृदू असल्यामुळे रेफ येतो. ‘श’पूर्वी विसर्ग हवा, म्हणजे ‘पुनःशिक्षण’. तोही शब्द सरकारी योजनेच्या कागदावर बरा, घरातल्या वहीवर नाही.

आता तुमच्यापुरते. अक्षरे ओळखू येत असतील आणि केवळ वेग गेला असेल, तर ती उजळणी. अक्षरेच अनोळखी झाली असतील, तर ‘नव्याने शिकते आहे’ असे लिहावे; त्यात कमीपणा काही नाही. तिसरीही एक शक्यता आहे. मोडीत इकार आणि उकार यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, आणि बालबोध, म्हणजे देवनागरी, लिपीच्या सवयीने ते शोधत बसण्याचे वळण पहिल्या वेळीच लागले असेल, तर उजळणीने तेच वळण पक्के होईल. तेव्हा आधी ते मोडून मग ‘पुन्हा शिकणे’ भाग आहे. हाताच्या सरावासाठी मात्र मराठीत निराळे क्रियापद आहे : ‘गिरवणे’. आधी शिरोरेघ ओढून, हात शक्य तितका न उचलता तीच अक्षरे पुन्हा पुन्हा काढणे, याला उजळणी न म्हणता ‘मोडी गिरवते आहे’ असे म्हणावे.