माझे वडील गावात सुतार होते. त्यांच्या वर्षश्राद्धाला वाटायच्या स्मरणलेखात काय लिहावे?

वडिलांनी आयुष्यभर सुतारकाम केले, संसार नेटका केला, पण 'सांगण्यासारखे मोठे असे काही नाही', असे तुम्ही प्रश्नात म्हटले आहे. ते वाचून राहवले नाही, कारण हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाने आमच्या अप्पांबद्दल उच्चारले होते आणि त्यावरून आम्हा दोघांत आलेला दुरावा अजून मिटलेला नाही.

अप्पा मंगळवेढ्याकडच्या एका गावात सुतार होते. तो काळ्या रानांचा, रब्बी ज्वारीचा मुलूख. उत्तरा-हस्ताचा पाऊस पडून वाफसा आला की साऱ्या गावाच्या तिफणी, म्हणजे तीन फणांची पेरणीची अवजारे, एकदम आमच्या दारात येत. दिंडात, म्हणजे तिफणीच्या आडव्या लाकडात, फण पक्के बसवायचे, दोन फणांत 18 इंचांचे अंतर राखायचे, हे कोणताही सुतार करील. खरा कस चाड्याचा, म्हणजे ज्यात मुठीने बी सोडतात आणि ज्याच्या भोकांतून ते नळ्यांत उतरते त्या लाकडी वाटीचा. तिन्ही नळ्यांत बी सारखे उतरले नाही तर एक ओळ दाट आणि दुसरी विरळ उगवते, आणि सुताराची चूक कापणीपर्यंत रानात उभी राहते.

आई मजुरीने पेरणीला जात असे. तिचा हात लहान, आणि लोकांची चाडी रुंद तोंडाची. मूठ नीट टेकत नसल्यामुळे तिचे मनगट संध्याकाळी सुजत असे. एके रात्री अप्पांनी तिच्या मिटलेल्या मुठीभोवती सुतळी गुंडाळून गाठ मारली आणि पुढचे तीन दिवस, गिऱ्हाइकाचे काम आटोपल्यावर, बाभळीच्या ठोकळ्यातून त्या मापाचे चाडे कोरले. भोके मात्र गावातल्या नळ्यांच्या मापाचीच ठेवली. मग ओसरीवर तीन भोकांखाली तीन वाट्या मांडून आईला मूठभर ज्वारी सोडायला लावली आणि मला दाणे मोजायला बसवले. मधल्या वाटीत वीसेक दाणे जास्त भरले. अप्पांनी कानशीने कडेची भोके किंचित मोकळी केली, पुन्हा ज्वारी सोडली, पुन्हा मोजली. असे पाच वेळा झाल्यावर फरक दोन-चार दाण्यांवर आला, तेव्हा कुठे ते जेवायला उठले. आई पुढे कोणाच्याही रानात गेली तरी ते चाडे फडक्यात बांधून बरोबर नेत असे.

1972 च्या दुष्काळात पेरणीच झाली नाही, त्यामुळे तिफणीचे कामही नाही आणि खळ्यावरचे बलुते, म्हणजे कामाबद्दल मिळणारे धान्य, तेही नाही. गावातले पुष्कळ जण मुंबईला गेले. अप्पा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, पण रोज रात्री घरी परतले, आणि तिथे वाटलेला सुकडीचा कोरडा खाऊ उपरण्याच्या टोकाला बांधून आमच्यासाठी आणत राहिले. अप्पांना गाव सोडायचे धाडस नव्हते, असे दादा म्हणतो. घरात आंधळी आजी आणि तीन लहान मुले असताना थांबणाऱ्याला भित्रा म्हणणे मला मान्य नाही, कधीही होणार नाही.

दादाने वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत 'अत्यंत हलाखीत दिवस काढून मुलांना उच्चशिक्षित केले' असे छापले. त्यात सुतार हा शब्दच नव्हता. मी चाड्याची गोष्ट घालायला सांगितली, तर तो म्हणाला, आता ट्रॅक्टरने पेरणी होते, चाडे कोणाला कळणार? माझे मत स्पष्ट आहे: मुलांच्या पदव्या लिहून बापाचे स्मरण होत नाही, तो मुलांचाच गौरव होतो. तुम्ही तसे करू नका. वडिलांनी काय घडवले, कोणासाठी घडवले आणि ते नीट झाले हे कसे पारखले, ते लिहा.

दादावर अन्याय नको म्हणून हेही सांगतो, की अप्पांच्या शेवटच्या आजारपणाचा सगळा खर्च त्याने एकट्याने केला. शिवाय अप्पांनी माझ्या बहिणीची शाळा सातवीनंतर बंद केली. ती चूक होती आणि स्मरणलेखात अशी चूक लपवू नये. बलुत्याचेही गोडवे गाऊ नका. ज्वारी मोजताना माप शिगेला न भरणारे शेतकरी आमच्या गावात होते आणि अप्पांना ते मुकाट घ्यावे लागत असे.

लेख एका पानाचा पुरे. मात्र तो लिहायला बसण्याआधी, तुमच्या वडिलांच्या हातची तिफण किंवा गाडी ज्यांनी वापरली आहे त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना भेटून या, आणि वडिलांची हत्यारे कोणी भंगारात घालण्याआधी ताब्यात घ्या. आमचा वाकस (लाकूड तासायचे हत्यार) आणि रंधा तसेच गेले.