हाड भरेपर्यंत घर चालवायचं तर

रामबाग, इंदूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पायातला रॉड काढला, हाडातला पू साफ केला आणि आता सहा आठवडे अँटिबायोटिक चालणार, हे कळलं. ऑपरेशनच्या वेळी चार माणसं धावून येतात. घर खचतं ते पुढच्या महिन्यांत, पगार बंद असतो तेव्हा. म्हणून आधी पगाराचंच बोलतो.

सांवेर रोडच्या कारखान्यात तुझा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जातो. कंपनीने साधं आजारपण दाखवलं तर पगाराच्या 70 टक्के मिळतील, तेही वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. पण तू पाळीला जाताना दुचाकीवरून पडलास. घरून कामावर जाताना झालेला अपघात, वेळ आणि रस्ता जुळत असेल तर, कामावरचाच धरला जातो; 2010 पासून कायद्यात तशी तरतूद आहे. मग 90 टक्के मिळतात आणि काम करता येत नाही तोवर मिळत राहतात. पगार 18,000 धरला तर कुठे 12,600 आणि कुठे 16,200! महिन्याचे हे 3,600 सोडू नकोस.

त्यासाठी कंपनीने अपघात अहवाल पाठवायला हवा, आणि गाडं अडतं ते इथेच. ‘रस्त्यात पडला, आमचा काय संबंध?’ असं म्हणतील. वाद न घालता लेखी अर्ज दे. पाळीची वेळ, घरून निघालास ती वेळ, पडल्याची जागा, कोणी उचललं, सगळं लिही. एक प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयात देऊन पोच घे. पहिल्या दवाखान्याचा केस पेपर आजच काढून वाच. घाईत त्यावर ‘घरी पडला’ असं लिहिलं गेलं असेल तर दावा लंगडा पडतो.

दावा नाकारला तरी एक वाट उरते. हाड बाहेर आलेलं फ्रॅक्चर आणि त्यात हाडाचा जुनाट संसर्ग, हे ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षं सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर 91 दिवसांनंतर 80 टक्के मिळू शकतात. मात्र रजेच्या प्रमाणपत्रांत खंड नको. मधले चार दिवस राहिले की त्या चार दिवसांचे पैसे अडकतात. चालता येत नसेल तर प्रमाणपत्राचं कसं करायचं, ते नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये आधीच विचारून ठेव.

आता औषधाचं. दहाएक दिवसांत ताप उतरतो, जखम कोरडी दिसते आणि महागडी गोळी बंद करावीशी वाटते. तसं करू नकोस रे. मेलेल्या हाडापर्यंत रक्त नीट पोचत नाही, त्यामुळे औषधही पोचत नाही. जंतू तिथे दडून राहतात आणि पुन्हा ऑपरेशनची पाळी येते. बचत करायचीच तर कल्चरचा, म्हणजे पुवातले जंतू कोणते आणि त्यांना कोणतं औषध लागू पडतं त्या तपासणीचा, रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेव आणि विचार, ‘यात लागू पडणारं, पण स्वस्त औषध आहे का?’ औषधाचं मूळ नाव लिहून घेतलंस तर जनऔषधी केंद्रात बघता येईल. ईएसआयमध्ये औषध संपलेलं असेल तर बाहेरून घेण्याआधी परताव्याची रीत विचार आणि मूळ बिलं जपून ठेव.

गाडीचा हप्ता चुकण्याआधी बँकेत जा. थकबाकी 90 दिवसांवर गेली की खातं बुडीत धरलं जातं, मग मुदतवाढीची बोलणी अवघड होतात. क्रेडिट कार्डावर नुसती किमान रक्कम भरत राहू नकोस, उरलेल्यावर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज चढतं. अगदीच नड आली तर आईच्या पाटल्या बँकेत तारण ठेव. विकू नकोस, सावकाराकडे तर नाहीच.

नोकरी जाईल ही धास्ती घेऊ नकोस. ईएसआयचा हा लाभ चालू असताना कंपनीला तुला सहजासहजी काढता येत नाही. तेवढ्यासाठीच कधीकधी राजीनाम्यावर सही मागतात. घरी कोणी कागद घेऊन आलं तर ठेवून घे, सही करू नकोस. अर्जाचा कच्चा मसुदा झाला की द्यायच्या आधी मला पाठव, तारखा एकदा तपासून देतो.

तुझा,
काका