‘द ओपन बोट’चं विश्लेषण करताना ‘निसर्ग उदासीन आहे’ याच्यापुढे काय लिहायचं?

गोव्यात एमए मराठी करताय, तौलनिक साहित्याच्या टिपणासाठी अमेरिकन लेखक स्टीफन क्रेनची ही कथा घेतलीय आणि निसर्गाची उदासीनता लिहून झाल्यावर पेन अडलंय, असं तुम्ही म्हणता. अडणारच. तो मुद्दा सहाव्या आणि सातव्या भागांत कथेनेच उघड मांडलाय. तो शोधल्याचं श्रेय तुम्हाला कोण देणार?

जहाज बुडाल्यावर कप्तान, स्वयंपाकी, बातमीदार आणि यंत्रांना तेल देणारा बिली असे चौघे एका छोट्या होडीत उरतात. माझ्या मते ही कथा खुणांचा अर्थ लावण्याची आहे. पहिलं वाक्य बघा: आकाशाचा रंग चौघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हता. शेवटी, समुद्राचा आवाज आता आपण उलगडून सांगू शकू, असं जिवंत बचावलेल्यांना वाटतं. हे ‘वाटतं’ अधोरेखित करा. मग सातही भाग पेन्सिल घेऊन वाचा आणि कुणी काय पाहिलं, काय अर्थ काढला, कुठे फसला, एवढंच टिपा.

पहिल्या भागात स्वयंपाकी म्हणतो, किनाऱ्यावरच्या आश्रयगृहातले लोक होडी घेऊन येतील. बातमीदार म्हणतो, तिथे नुसते कपडे आणि अन्न असतं, माणसं नसतात. वाद रंगतो. चौथ्या भागात निवेदक मध्येच सांगून टाकतो की दोन्ही बाजूंना वीस मैलांत एकही बचावकेंद्र नव्हतं, पण हे त्यांना माहीत नव्हतं. निवेदक त्यांच्यापेक्षा जास्त जाणतो हे इथे उघड होतं, हा परिच्छेद सोडू नका. पुढे किनाऱ्यावर एक माणूस कोट गरगरा फिरवतो. उत्तरेला जा म्हणतोय की थांबा म्हणतोय? काहीच कळत नाही, आणि चौघे त्याच्यावर चिडतात. अर्थ नसलेल्या खुणेतून अर्थ काढायची ही धडपड मला होडीभोवती फिरणाऱ्या शार्कच्या प्रसंगाहून जास्त भेदक वाटते.

‘किनारा दिसतोय तर सरळ का जात नाहीत?’ याचं उत्तर टिपणात हवंच. होडी दहा फुटी, काठ पाण्यापासून जेमतेम सहा इंच वर. खोल पाण्यात लाट होडीखालून निघून जाते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. उथळ, वाळूच्या किनाऱ्यावर हे बरंच आत, समुद्रातच घडतं. पावसाळ्यात कळंगुटला उभं राहून फेसाच्या रांगा मोजल्या की लगेच समजेल. म्हणजे जमीन जवळ येते तसा बुडण्याचा धोका वाढतो. कथेतला ताण या उलट्या गणितावर उभा आहे.

आता बिली. चौघांत नाव फक्त त्यालाच आहे, आणि मरतोही तोच. ‘सर्वांत बलवान मेला, म्हणजे डार्विन उलटा’ असं लिहून बरेच जण थांबतात. तिथे थांबू नका. जहाज बुडण्याआधी बिलीने इंजिनखोलीत दुप्पट पाळी केली होती, हे क्रेन जाता जाता सांगतो. बाकीचे कशाने तरले तेही पाहा: जखमी हाताचा कप्तान उलटलेल्या होडीला धरून, स्वयंपाकी जीवरक्षक पट्टा आणि वल्ह्यावर, बातमीदार एका लाटेने अलगद पलीकडे फेकल्यामुळे. बिली मात्र सगळ्यांच्या पुढे, जोरात पोहत जाताना शेवटचा दिसतो. मरताना त्याला कुणीच पाहत नाही. म्हणून कारणाबद्दल ठाम विधान करू नका. कथेनेच ती जागा मोकळी ठेवलीय.

चरित्र दोन ओळींत आटपा. ‘कमोडोर’ ही आगबोट 31 डिसेंबर 1896 ला जॅक्सनव्हिलहून क्यूबासाठी शस्त्रं घेऊन निघाली, 2 जानेवारी 1897 ला बुडाली; क्रेन त्यावर होता. काही दिवसांतच त्याने वर्तमानपत्रात वृत्तान्त दिला, पण त्यात होडीतल्या तीस तासांची हकिगत इथे सांगणार नाही, असं म्हणून तो पुढे गेला. कथा नेमकी त्या गाळलेल्या तासांची आहे. ही तुलना टिपणात जरूर घ्या. आणि ‘क्रेनला शार्क दिसला’ असं लिहू नका. दिसला तो कथेतल्या बातमीदाराला.