पिचरचं कोपर आणि आईबाबांचे प्रश्न

मार्च उजाडला, लिटल लीगचे, म्हणजे मुलांच्या बेसबॉलचे, संघ ठरले, की न्यू जर्सीतल्या आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मराठी आईबाबांचे फोन सुरू होतात. दरवर्षी प्रश्न तेच, गैरसमजही तेच. म्हणून यंदा एकदाच लिहून टाकते.

प्र. मुलगा दहा वर्षांचा आहे. एका दिवसात किती पिच, म्हणजे पिचर बॅट्समनकडे टाकतो ते चेंडू, टाकू द्यायचे?

जास्तीत जास्त 75.

प्र. खेळून आल्यावर बर्फ लावावा का?

लावा. दुखणं दबेल, पण म्हणून कोपर बरं झालं असं समजू नका.

प्र. मी न्यूयॉर्कच्या मेट्स या बेसबॉल संघाचा जुना चाहता. 2025च्या जूनमध्ये 45 विजय, 24 पराभव असलेला संघ 83-79वर संपला, प्लेऑफ म्हणजे बाद फेरीही हुकली. सोटो या फलंदाजावर साडेशहात्तर कोटी डॉलर ओतले आणि पिचिंगने घात केला. हल्लीचे पिचर नाजूक झालेत का?

शेवटच्या दिवशी मायामीकडून 4-0 हरताना मीही बघत होते, तेव्हा जखमेवर मीठ नको. मेट्सचा पिचर सेंगा याची मांडी पहिल्या बेसवर थ्रो घ्यायला उडी मारताना गेली, ते नशीब म्हणू. पण शेजारच्या यँकीजचा पिचर गेरिट कोल त्याच वर्षी मार्चमध्ये कोपराच्या ऑपरेशनला गेला आणि अख्खा हंगाम घरी बसला, ते नुसतं नशीब नव्हे. 2008 साली फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी 91 मैलांच्या आसपास होता, आता तो 94च्या वर आहे. पूर्वीचे पिचर थोडा दम राखून टाकायचे, आताचे पहिल्या चेंडूपासून जीव तोडून टाकतात. स्नायू कमावता येतात, लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, त्या प्रमाणात कमावता येत नाही.

प्र. डॉजर्सचा पिचर यामामोतो याने 2025च्या वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम मालिकेच्या) सहाव्या मॅचला 96 पिच टाकले आणि दुसऱ्याच रात्री सातव्या मॅचला आणखी 34. आमचा बारा वर्षांचा मुलगा शनिवारी टाउनच्या लीगमध्ये आणि रविवारी ट्रॅव्हल टीममध्ये (गावोगावी खेळणाऱ्या खाजगी संघात) टाकतो, दोन्हीकडे मर्यादेतच. कोपर थोडं दुखतं. कोच म्हणतात, वाढीच्या वयात दुखतंच. हंगाम संपल्यावर दाखवू का?

नाही. याच आठवड्यात दाखवा. तोवर पिचिंग बंद, आणि कॅचर (विकेटकीपरसारखा) म्हणूनही उभा करू नका.

यामामोतो 27 वर्षांचा होता, त्याची हाडं पूर्ण वाढलेली. तुमच्या मुलाच्या कोपरात आतल्या बाजूला जे टोकदार हाड हाताला लागतं, तिथे अजून ग्रोथ प्लेट आहे, म्हणजे कूर्चेचा मऊ थर. मोठ्या माणसाचं लिगामेंट फाटतं. लहान मुलात लिगामेंटपेक्षा ही प्लेट कच्ची, म्हणून तीच आधी ताणली जाते, क्वचित हाडाचा तुकडाही सुटतो. गेल्या वर्षी असाच एक मुलगा आला होता. दुखतं का विचारलं, तर म्हणाला नाही. टीशर्ट काढायला सांगितला तेव्हा उजवा हात पोटाशी धरून डाव्याच हाताने ओढून काढला. कोचने हे पाहिलं नव्हतं, बाबांनीही नाही.

आणि “दोन्हीकडे मर्यादेत” म्हणजे काय? मर्यादा संघाची नसते हो, हाताची असते! या वयात दिवसाला 85 पिच, आणि 66च्या वर गेले की चार दिवस विश्रांती. शनिवारी 70 टाकलेल्या मुलाने रविवारी एकही टाकायचा नाही. ट्रॅव्हल टीमला शनिवारचा आकडा ठाऊक नसतो, आणि फी भरून घेतल्यावर विचारायची घाईही नसते. फ्रिजवर कागद चिकटवा, आकडे तुम्ही लिहा. वर्षातून चार महिने पिचिंग नको, त्यातले दोन-तीन सलग. हिवाळ्यातला इनडोअर “कॅम्प” म्हणजे सुट्टी नव्हे.

प्र. सासरे पुण्याहून आलेत. म्हणतात, फास्ट बोलर दहा ओव्हर टाकतो, मग इथे एवढे लाड कशाला?

त्यांना सांगा, क्रिकेटमध्ये कोपर झटक्याने सरळ केलं तर नो-बॉल होतो, इथे वेगात त्या झटक्याचाही वाटा असतो. बोलरची पाठ जाते, पिचरचं कोपर. बुमराच्या पाठीचं काय झालं ते त्यांना माहीत असेलच.

प्र. जड चेंडूंचा आठ आठवड्यांचा कोर्स घेतला तर वेग वाढतो म्हणे. मुलगा तेराचा आहे.

वेग काहींचा वाढतो. दुखापतीचा धोकाही वाढतो, तो जाहिरातीत नसतो. तुमच्या मुलाचा खांदा आणि कोपर न तपासता जो कोर्स विकतो, त्याच्याकडून काही घेऊ नका.

प्र. टॉमी जॉन सर्जरीनंतर (कोपरातलं फाटलेलं लिगामेंट बदलायच्या ऑपरेशननंतर) हात आणखी मजबूत होतो, हे खरं का? मग आधीच करून घेतली तर?

नाही, आणि असं ऑपरेशन सुचवणारा कोणी भेटला तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हाताचं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बसवलं. त्यानंतर तो 164 मॅच जिंकला, हे लोकांच्या लक्षात राहिलं. 1975चा अख्खा हंगाम तो मैदानाबाहेर होता, हे कोणी सांगत नाही. आजही परतायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि सगळे परतत नाहीत.

प्र. आजी तिळाच्या तेलाने मालीश करते. चालेल?

दंडाला, पाठीला खुशाल करू दे. आतल्या हाडावर जोर नको. आणि ऑर्थोपेडिकची अपॉइंटमेंट तेलाची वाटी गरम करायच्या आधी घ्या.