नागपुरात मॅश टनसाठी कोणता आइसबॉक्स घ्यावा, २० लिटरचा कॅम्पर चालेल का?

दादा, तुमचं म्हणणं असं की घरी थंड पाण्याचा २० लिटरचा कॅम्पर पडून आहे, बियरसाठी ४-५ किलो माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) मॅश करायचं आहे, त्याला लागणारं भांडं म्हणजे मॅश टन, तर त्या कॅम्परमध्येच भागवावं की चौकोनी मोठा आइसबॉक्स घ्यावा, आणि दुकानदार म्हणतो पाच दिवस बर्फ टिकते तो महागवाला घ्या. माझं मत सरळ आहे, कॅम्पर ठेवा, महागवाला घेऊ नका. पाच दिवस बर्फ टिकणं वेगळं अन् एक तास ६७ अंशाचं पाणी टिकणं वेगळं, तुम्हाला फक्त तो एक तास पाहिजे.

आधी एक गोष्ट, कारण तुम्ही प्रश्नात बियर लिहिलं आहे. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ लागू आहे, प्यायचा परवाना असला तरी त्यावर घरी बनवता येत नाही, त्यामुळे इथे नागपुरात घरी आंबवायच्या भानगडीत पडू नका. मी घरून बेकरीचं काम करते, ब्रेडसाठी अन् पोरांच्या दुधात टाकायला माल्टची काकवी लागते, म्हणून मॅश करते आणि गोड पाणी गाळलं की लगेच आटवून टाकते, यीस्टचा त्यात संबंधच नाही. मॅशपर्यंतचं काम मात्र दोन्हीकडे एकच आहे, तेच भांडं, तेच तापमान, तेच गाळणं, म्हणून उत्तर देऊन राहिली.

मॅश म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवायचं, माल्टमधलेच एन्झाइम स्टार्चची साखर करतात. यातलं बीटा अमायलेज ६० ते ६५ अंशाला चांगलं चालते, अल्फा अमायलेज ७० च्या आसपास, म्हणून ६५ ते ६८ च्या मधात ठेवलं की दोघंही काम करतात. गॅसवर पातेल्यात हे करायला गेलं तर खाली ८० होऊन जाते वर ६०, सारखं हलवत उभं राहावं लागते आणि खालचे एन्झाइम मरतात ते वेगळं. आइसबॉक्स यासाठीच. बाहेरून काही गरम करायचं नाही, आत टाकलेली गरमी तेवढी धरून ठेवायची.

आता आकार, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होते. एक किलो माल्टला ३ लिटर पाणी धरा, आणि माल्ट स्वतः भिजल्यावर किलोमागे साधारण पाऊण लिटरहून थोडी कमी, ०.६७ लिटर जागा घेते. म्हणजे साडेचार किलोला साडेतेरा लिटर पाणी अधिक तीन लिटर, झाले साडेसोळा. पाच किलोला १८ च्या वर जाते. बऱ्याच २० लिटरवाल्या कॅम्परमध्ये गळ्यापर्यंत भरून १८ लिटरच बसते, म्हणून पहिले लिटरच्या मापाने पाणी भरून खरं किती मावते ते पाहून घ्या, डब्यावर छापलं त्यावर जाऊ नका. तुमचं काम साडेचार किलोपर्यंत यात आरामात होईल, पाच किलो काठोकाठ येईल अन् हलवताना सांडेल. सहा किलो करायचंच असेल तर २२ लिटर लागते, तेव्हा २६ ते ३० चा पाहा.

लोक म्हणतात मोठाच घेऊन ठेवावा, पुढे कामात येते. इथे उलट आहे. समजा ४५ लिटरचा चौकोनी बॉक्स घेतला, आतला तळ साधारण ५० बाय ३० सेंटिमीटर, आणि त्यात तुम्ही दोनच किलोचा मॅश टाकला तर सगळं मिळून सव्वासात लिटर होते आणि थर जेमतेम पाच सेंटिमीटरचा बसतो. वर सगळी रिकामी हवा, ती गरमी खाते, आणि एवढ्या पातळ थरातून पाणी गाळलं की गढूळ येते कारण गाळायचं खरं काम माल्टची टरफलंच करतात, जाळी फक्त त्यांना अडवते. तेच दोन किलो २५ सेंटिमीटर व्यासाच्या गोल कॅम्परमध्ये पंधरा सेंटिमीटर उभे राहतात. म्हणून गोल की चौकोनी याचं उत्तर तुम्ही एका वेळी किती करता त्यावर आहे, कमी करत असाल तर गोल आणि उंच, दहा-बारा किलोच्या वर करत असाल तर चौकोनी, कारण तेवढं सगळं उंच भांड्यात टाकलं की वजनाने थर दबतो अन् नळ बंद पडल्यासारखा होते. अमेरिकेत घरी करणारे बहुतेक जण ५ नाहीतर १० गॅलनचे गोल पाण्याचे पिंप वापरतात, म्हणजे १९ आणि ३८ लिटर, आपला कॅम्पर त्यातल्या लहान मापाचाच भाऊ आहे.

कॅम्परचं तोंड मात्र पाहून घ्या. काहींचं झाकण पूर्ण रुंद राहते, काहींना खांदा असते आणि तोंड बारीक. मॅशमध्ये लांब दांड्याचा झारा तळापर्यंत फिरवता आला पाहिजे नाहीतर गुठळ्या फुटत नाहीत, आणि नंतर ओला चोथा हाताने काढायचा असतो. बारीक तोंडाचा असेल तर तो पाण्यालाच राहू द्या.

दुसरं, आतलं प्लास्टिक. बहुतेक चांगल्या कॅम्परला आत पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन असते, मधात गरमी अडवणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम. हे ७०-७५ अंशाच्या पाण्याला दबत नाही, पण उकळतं पाणी थेट ओतलं तर आतली भिंत फुगते, वाकडी होते, कारण ती पातळ असते आणि मागे फोमच आहे. ८० च्या वर कधीच टाकू नका. थर्मोकोलचे मासळीवाले डबे तर बिलकुलच नको, ते गरम खाण्याच्या कामासाठी बनत नाहीत, गरमीने नरम पडतात आणि दाण्यादाण्याने झिजतात. जुना कॅम्पर असेल, आत ओरखडे, वास, पिवळेपणा, तर नवीन घ्या, हा खर्च करण्यासारखा आहे.

आणि एक भांडं, ज्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही, ते मला मनापासून आवडते. लग्नाकार्यात केटररवाले चहा ठेवतात ना, स्टीलचा दुहेरी भिंतीचा, नळवाला इन्सुलेटेड ड्रम, तो. तो बनलाच गरम ठेवायला आहे, उकळतं टाका तरी काही होत नाही, धुवायला सोपा, वास धरत नाही. १० पासून २० लिटरपर्यंत इतवारीत भांड्यांच्या दुकानात मिळून जाते, महाग पडते हे खरं, आणि स्टील स्वतः बरीच गरमी पिते म्हणून आधी तापवून घेणं आणखी जरुरी. दर आठवड्याला करणार असाल तर तोच घ्या. महिन्यातून एकदा करणार असाल तर कॅम्पर.

कॅम्परचा पांढरा प्लास्टिकचा नळ बदलावा लागेल, तो गरमीत ढिला पडतो आणि त्याचं भोक बारीक. लोहा ओळीत अर्ध्या इंचाचा स्टेनलेसचा बॉल व्हॉल्व्ह (दांडी फिरवून उघडायचा नळ) आणि निप्पल (दोन्हीकडे आटे असलेला पाईपचा तुकडा) घ्या, पितळेचा घेऊ नका, पितळेत शिसं असू शकते. इथे नीट लक्ष द्या: कॅम्परला दोन भिंती आहेत, मधात फोम. नळाच्या भोकातून गोड पाणी त्या फोममध्ये शिरलं तर ते कधीच वाळत नाही, आतच सडते आणि भांडं फेकावं लागते. म्हणून निप्पल दोन्ही भिंतींच्या आरपार पुरेल एवढा लांब पाहिजे, आतून सिलिकॉनचा वॉशर, बाहेरून सिलिकॉनचा वॉशर, दोन्हीकडून नट कसायचा. मग साधं पाणी भरून रात्रभर ठेवून पाहायचं, बाहेर थेंब नाही याचा अर्थ आतही गळत नाही असा नाही, रिकामा केल्यावर वजन वाढल्यासारखं वाटते का तेही पाहा.

आतल्या गाळणीसाठी गिझरला लावतात ती स्टीलच्या जाळीची कनेक्शन पाईप घेऊन दोन्ही टोकं कापायची, आतली रबराची नळी ओढून काढायची, उरलेली जाळी नळाला क्लॅम्पने जोडायची आणि दुसरं टोक दुमडून बंद करायचं. जाळी ३०४ स्टेनलेसची लिहिलेली घ्या, स्वस्तात बाकी कशाचीही विकतात. भोकं पाडलेली सीपीव्हीसीची पाईपही चालते, ती गरम पाण्याचीच असते, पण साधी पीव्हीसी नाही, आणि गोंद न लावता नुसती दाबून बसवा. हे काहीच करायचं नसेल तर नायलॉनच्या बारीक जाळीची मोठी पिशवी शिवून घ्या, कॅम्परमध्ये आत लावा, त्यात माल्ट टाका, शेवटी पिशवी उचलली की झालं. सुरुवातीला मी पिशवीच सुचवीन. नळ नाही, भोक नाही, फोमची काळजी नाही.

भरडा कसा आहे यावरही सगळं टिकून आहे. चक्कीवाल्याने पीठ केलं तर कोणताच बॉक्स काम देणार नाही, चिखल होतो. दाणा तीन-चार तुकडे झाला पाहिजे, टरफल शक्यतो आख्खं. आणि ज्वारी टाकून पाहतो असं कोणी म्हणेल, आपल्याकडे ती घरोघरी आहे म्हणून, तर आइसबॉक्समध्ये ज्वारीचं जमत नाही. तिचा स्टार्च ६८ ते ७८ अंशाला फुलतो, तेवढ्या गरमीत बार्लीच्या माल्टचे एन्झाइम थकतात. शिवाय ज्वारीला मोड आणले की कोंबात सायनाइड देणारं द्रव्य येते, कोवळी ज्वारी गुरांना बाधते ते त्याच्याचमुळे, म्हणून तिचं माल्ट घरी करू नका.

तापमानाचं गणित नागपूरचं वेगळं आहे आणि पुस्तकातले आकडे जसेच्या तसे घेतले तर चुकते. पाणी किती गरम पाहिजे ते असं काढा: पाहिजे असलेलं तापमान वजा धान्याचं तापमान, त्याला ०.४१ ने गुणा, किलोमागे जितके लिटर पाणी त्याने भागा, आणि त्यात पाहिजे असलेलं तापमान मिळवा. मे महिन्यात आपल्या घरात माल्ट ३८ अंशावर पडलेलं असते, ६७ पाहिजे तर २९ गुणिले ०.४१ भागिले ३, म्हणजे ४, पाणी ७१ चं. डिसेंबरात तेच माल्ट १८ अंशाला असलं तर पाणी ७४ चं लागते. तीन अंशाचा फरक मॅशसाठी लहान नाही. यात भांड्याची गरमी धरलेली नाही, म्हणून पाणी चार-पाच अंश जास्त गरम करून रिकाम्या कॅम्परमध्ये टाकायचं, झाकण लावून दहा मिनिटं ठेवायचं, मोजायचं, बरोबर आकड्यावर आलं की मग हळूहळू माल्ट टाकत हलवायचं.

गरमी किती जाते हे आतल्या-बाहेरच्या फरकावर आहे. मे मध्ये बाहेर ४५ असलं तर फरक २२ चा, डिसेंबरच्या पहाटे १२ असलं तर ५५ चा. म्हणजे उन्हाळ्यात साधा कॅम्परसुद्धा भारी काम करते, फक्त खोलीत कूलर सुरू असेल तर त्याच्या हवेच्या झोतात ठेवू नका. हिवाळ्यात वरून जाड सोलापुरी चादर गुंडाळा. झाकण बहुतेक कॅम्परचं पोकळ असते आणि गरमी तिथूनच जास्त जाते, मॅशच्या वर थेट ॲल्युमिनियम फॉइल अंथरून मग झाकण लावलं तर बराच फरक पडते. घेण्याआधी किंवा वापरण्याआधी ७० चं पाणी भरून एक तास ठेवा आणि मोजा, दीड-दोन अंश उतरलं तर भांडं उत्तम आहे, चार-पाच उतरलं तर झाकण पाहा.

तासाभराने पांढऱ्या बशीत एक थेंब घेऊन टिंक्चर आयोडिनचा थेंब टाका, निळं-काळं झालं म्हणजे स्टार्च बाकी आहे, अजून वीस मिनिटं ठेवा. बशीतलं फेकून द्या, परत भांड्यात नको. मग गाळा, चोथ्यावर ७५ च्या आसपासचं पाणी टाकून परत गाळा, त्याहून गरम नको, टरफलांचा तुरटपणा उतरते. किलोमागे जवळपास एक लिटर पाणी चोथा धरून ठेवते, ते हिशोबात घ्या.

गाळलेलं त्याच दिवशी उकळायला घ्या, उद्यावर ठेवू नका. ३५ ते ४५ अंश म्हणजे आंबट करणाऱ्या जिवाणूंचं आवडतं तापमान, आणि आपल्या उन्हाळ्यात ते स्वयंपाकघरातच असते. कॅम्परही लगेच धुवा, मऊ कापडाने, घासणीने नाही, कारण ओरखड्यात तेच जिवाणू बसतात. नळ पूर्ण सोडवून धुवा, दोन-तीन दिवस झाकण उघडं ठेवून वाळवा. तुमच्या कॅम्परचं तोंड किती रुंद आहे ते लिहा, मग पिशवी केवढी शिवायची ते सांगते.