वाचकांचे प्रश्न : तेच भांडण पुन्हा का होतं?

प्रश्न : संज्ञापनाच्या अभ्यासक्रमात 'अर्थाचं समन्वित व्यवस्थापन', म्हणजे सीएमएम (कोऑर्डिनेटेड मॅनेजमेंट ऑफ मीनिंग), हा सिद्धान्त आहे. व्याख्या पाठ झाली, पण हाती काही लागलं नाही. – विद्यार्थिनी, कोल्हापूर

व्याख्या थोडी बाजूला ठेवा. बार्नेट पिअर्स आणि व्हर्नन क्रोनन यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात हा सिद्धान्त मांडला. १९८०मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. एकाच्या डोक्यातला अर्थ दुसऱ्याच्या डोक्यात पोचवणं म्हणजे बोलणं, ही रूढ समजूत त्यांना अपुरी वाटली. अर्थ आधीपासून तयार नसतो. तो बोलण्या-उत्तरण्यातून घडतो, आणि त्याबरोबर माणसांमधली नातीही घडत जातात. म्हणून 'तुला काय म्हणायचंय?' याइतकंच 'आपण दोघं मिळून इथे काय घडवतोय?' हेही विचारायचं.

समन्वय म्हणजे एकमत, असा घोटाळा मात्र परीक्षेत हमखास होतो. गणपतीच्या आरतीला एक भाऊ श्रद्धेने उभा असतो, दुसरा केवळ सगळे एकत्र येतात म्हणून. दोघांचा अर्थ निराळा, तरी टाळ एका तालात वाजतात. समन्वय तो हाच.

प्रश्न : मुलगा चोवीस वर्षांचा, नोकरी करतो. बाहेर पडताना 'किती वाजता येणार?' विचारलं की भडकतो. मी फक्त वेळ विचारत असतो. यावर या सिद्धान्तात काही उपाय आहे का? – एक वडील, ठाणे

आहे, पण त्यासाठी कागद लागतो. भांडणाच्या रात्री नको. दुसऱ्या दिवशी डोकं शांत असताना बसा. एकच प्रसंग निवडा. कागद आडवा धरून डावीकडून उजवीकडे आठ-दहा वाक्यं क्रमाने लिहा : तुमची वर, मुलाची खाली. मग ती ओळीने रेघेने जोडत जा. रेघ नागमोडी होते, म्हणून या आकृतीला सर्पाकृती म्हणतात. आपटलेलं दार, धरलेला अबोला, हीसुद्धा वाक्यंच समजा.

इथे बहुतेकांचं चुकतं. 'तो उर्मटपणे बोलला' असं लिहिलं जातं. तो तुम्ही लावलेला अर्थ झाला. कागदावर शब्द हवेत. उदाहरणार्थ :

वडील : किती वाजता येणार?
मुलगा : येईन.
वडील : येईन म्हणजे?
मुलगा : कशाला हवंय तुम्हाला?

आता सूर पहिल्यांदा कुठे बदलला त्या जागेवर खूण करा. फक्त तिथल्या दोन वाक्यांपुढे सहा गोष्टी, म्हणजे अर्थाच्या सहा पातळ्या, लिहा : शब्द काय, त्यातून केलं काय (चौकशी, आज्ञा, काळजी), प्रसंग कोणता, नातं कोणतं, त्यात मी कोण, आणि घराची रीत, म्हणजे संस्कृती, काय. सगळ्याच वाक्यांना सहाही लावत बसलात तर कंटाळून कागद फेकून द्याल.

वरच्या उदाहरणात तुमच्या लेखी प्रसंग 'जेवण झाकून ठेवायचं का' हा असेल, मुलाच्या लेखी 'हजेरी घेतली जातेय' हा. दोघांनाही ऐकू नीट आलंय. खरी मेख तिसऱ्या वाक्यात आहे. 'येईन' हे उत्तर होतं, 'येईन म्हणजे?' म्हटल्याबरोबर ती टाळाटाळ ठरली. वाक्याचा अर्थ असा पुढचं वाक्य ठरवतं. तिथून पुढे दोघांनाही 'मला असं बोलणं भागच होतं' असं वाटतं, आणि म्हणूनच नको असलेलं चक्र रोज फिरतं.

तेव्हा बदल तिसऱ्या वाक्यात करा. प्रसंगच बोलून दाखवा : 'आई विचारतेय, जेवण झाकून ठेवायचं का?' पण मनात खरोखर पाळतच असेल तर हे वाक्य दोन दिवसांत उघडं पडेल. म्हणून आधी स्वतःचे सहा रकाने प्रामाणिकपणे भरा. मुलाचे पेन्सिलने, प्रश्नचिन्हासकट भरा आणि नंतर त्यालाच विचारा.

प्रश्न : या पातळ्यांत संस्कृती नेहमी सर्वांत वर असते का? – प्राध्यापिका, नाशिक

नाही. क्रम प्रसंगागणिक बदलतो. कधी एक प्रसंगच सगळं नातं ठरवून टाकतो. दोन पातळ्या एकमेकींना उलटवत राहिल्या की विचित्र फेरा तयार होतो. व्यसनाचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं : मी व्यसनी, म्हणून पीत नाही, पीत नाही, म्हणजे ताबा आहे, ताबा आहे, म्हणजे मी व्यसनी नाही, मग प्यायला हरकत नाही. आणि प्यायलं की पुन्हा पहिल्या वाक्यावर. अशा फेऱ्यात नुसत्या वागण्यावर बोट ठेवून भागत नाही, कारण तेच वागणं 'मी कोण' हे बदलतं.

प्रश्न : सोसायटीतल्या वादात हे वापरता येईल? – सचिव, पुणे

येईल, मात्र सर्वसाधारण सभेपासून सुरुवात करू नका. कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो शहरात १९९६पासून पिअर्स आणि सहकाऱ्यांनी काम केलं, तेव्हा आधी रहिवाशांच्या छोट्या गटांशी बोलणी झाली. बदलत्या वांशिक वस्तीचा विषय सर्वांच्या मनात होता, पण उघडपणे कोणी काढत नव्हतं. तुमच्याकडेही घरमालक आणि भाडेकरू यांच्याशी वेगवेगळं बसा. सांगितलेलं, मुद्दाम न सांगितलेलं आणि सांगूनही कोणी न ऐकलेलं, यांचे तीन वेगळे कागद करा. सभेत तिसरा कागद आधी वाचा. दुसऱ्यातलं काहीही त्या माणसाला विचारल्याशिवाय वाचू नका.